शंटचं सर्टिफिकेट आलं, आता त्यातला आकडा वाचायचा कसा?

करंट शंटच्या कॅलिब्रेशनवर या वेळी इतके प्रश्न आले की बाकीचे विषय बाजूला ठेवून अख्खं सदर त्यालाच दिलंय. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, शंट म्हणजे अगदी कमी पण नीट माहीत असलेला रेझिस्टन्स, त्यातून मोठा करंट सोडायचा, त्याच्या दोन छोट्या टर्मिनलवर जे मिलिव्होल्ट मिळतात ते मोजायचे आणि भागाकार करून करंट काढायचा. त्या भागाकारातला रेझिस्टन्स नक्की किती, हे सांगणारा कागद म्हणजे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. माझं म्हणणं एवढंच की आकड्याच्या आधी आकड्याच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते वाचा, किती करंटला मोजलं, किती तापमानाला, किती वेळ थांबून, कारण तो आकडा तेवढ्याच परिस्थितीचा असतो.

प्रश्न : १०० अ‍ॅम्पियर, ५० मिलिव्होल्टचा शंट कॅलिब्रेट करून घेतला. सर्टिफिकेटवर ०.५०००६२ मिलिओहम आलंय, पुढे अनसर्टन्टी ±४० पीपीएम (दहा लाखात ४० भाग), के = २. शंटवर मात्र ०.१ टक्का छापलंय. यातली खरी एरर कुठली, आणि करंट काढताना मी कुठला आकडा घेऊ?

हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि सगळा गोंधळ त्यांना एका ओळीत बसवल्यामुळे होतो. ०.१ टक्का हे बनवणाऱ्याचं आश्वासन, म्हणजे तुमचा शंट ०.४९९५ ते ०.५००५ मिलिओहमच्या मधे कुठेतरी असेल एवढंच तो सांगतोय, नक्की कुठे ते सांगत नाही. ते लॅबने मोजून सांगितलं, ०.५०००६२, म्हणजे नॉमिनलपेक्षा, शंटवरच्या छापील आकड्यांवरून येणाऱ्या ०.५ मिलिओहमपेक्षा, १२४ पीपीएम जास्त, टक्क्यात ०.०१२४. ही झाली एरर, पण ती आता माहीत झालीये त्यामुळे हिशोबातून काढून टाकता येते, तिला घाबरायचं कारण नाही. उरले ते ४० पीपीएम, ती लॅबच्या मोजणीतली शंका. के = २ चा अर्थ खरी किंमत साधारण ९५ टक्के खात्रीने त्या पट्ट्यात आहे, आणि ही शंका काही केल्या वजा होत नाही, ती पुढे तुमच्या प्रत्येक रीडिंगबरोबर चालत राहते.

वापरायचं कसं ते बघा. समजा शंटवर ४८.३१० मिलिव्होल्ट आले. नॉमिनल ०.५ ने भागलं तर ९६.६२० अ‍ॅम्पियर, सर्टिफिकेटच्या आकड्याने भागलं तर ९६.६०८. बारा मिलिअ‍ॅम्पियरचा फरक पडला, आणि कॅलिब्रेशनला दिलेल्या पैशांची वसुली ही अशी होते. पण मी बघतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी सर्टिफिकेट फाइलला लागलेलं असतं आणि मीटरमधे मात्र अजून ०.५००० च टाकलेलं असतं, मग मोजलेलं काही कामाला येत नाही. आज जाऊन ते एकदा तपासा.

आणखी एक, ४० पीपीएम ही शंटची शंका आहे, तुमच्या करंटची नाही. मिलिव्होल्ट मोजणाऱ्या मीटरची स्वतःची शंका असते, शंट तापल्याची असते. समजा शंटचे ४० चे निम्मे म्हणजे २० पीपीएम (के = २ आहे म्हणून निम्मे केले), मीटरचे ६०, तापमानाचे ४६ (हे दोन आधीच निम्मे केलेले धरा), तर त्यांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं, येतात साधारण ७८, आणि परत दोनने गुणलं की १५६ पीपीएम. म्हणजे यात शंटचा वाटा सगळ्यात छोटा. अशा वेळी जास्त खर्च करून १० पीपीएमवालं कॅलिब्रेशन मागवलं तरी शेवटी १५६ चे साधारण १५१ होतील, तेवढाच खर्च मीटरवर केला तर फरक खरंच दिसेल.

प्रश्न : नव्याने कॅलिब्रेट केलेला १०० अ‍ॅम्पियरचा शंट आम्ही ३०० अ‍ॅम्पियरच्या शंटबरोबर सिरीजमधे लावून बघितला. १० अ‍ॅम्पियरला दोघं छान जुळतात, ९० अ‍ॅम्पियरला अर्ध्या तासाने ०.०३ टक्के फरक दिसतो. सर्टिफिकेटवर "मोजणी १० अ‍ॅम्पियरला" असं आहे. लॅबची चूक म्हणायची का?

नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, "मोजणी १० अ‍ॅम्पियरला". लॅबने १० अ‍ॅम्पियरला मोजलं आणि १० अ‍ॅम्पियरला तुमचं जुळतंय, म्हणजे लॅबचं बरोबर आहे.

शंट तापतो तो करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. ०.५ मिलिओहममधे १० अ‍ॅम्पियरला ०.०५ वॅट जातात, हात लावला तरी कळणार नाही. ९० अ‍ॅम्पियरला ४.०५ वॅट, म्हणजे ८१ पट, आणि ते वॅट शंटमधल्या, रेझिस्टन्स देणाऱ्या चार बोटांएवढ्या पट्ट्यांमधून हवेत आणि बसबारमधे (करंट आणणाऱ्या जाड धातूच्या पट्टीत) जायला हवेत. तुमचा ३०० वाला (तोही ५० मिलिव्होल्टचा धरून) त्याच करंटला फक्त १.३५ वॅट खातोय, तोही थोडा गरम होतो पण बराच कमी, म्हणून दोघांत अंतर पडतं.

आता पट्ट्या असतात मँगनिनच्या, म्हणजे तांबं साधारण ८५ टक्के, मँगनीज १२ च्या आसपास आणि थोडं निकेल. ही मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणली आणि अजूनही शंटमधे तीच चालते, कारण तापमानाबरोबर तिचा रेझिस्टन्स फार थोडा बदलतो. फार थोडा, पण शून्य नाही, आणि सरळ रेषेत तर अजिबात नाही. आलेख काढला तर टेकडीसारखा दिसतो, आधी हळूहळू वर, मग माथा, मग खाली उतरायला लागतो. माथ्याजवळ बदल जवळजवळ काही नसतो आणि माथा ओलांडून लांब गेलं की उतार वाढतो. म्हणून "१५ पीपीएम प्रति अंश" असा एकच आकडा धरून मोठ्या तापमानापर्यंत गुणत जाऊ नका, आणि एका शंटचा आकडा वाढला म्हणून दुसऱ्याचाही वाढेल असंही धरू नका, तो माथ्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर अवलंबून आहे.

तुमच्याकडे दोन्ही शंट आहेत तर एक दुपार काढा आणि हे करून बघा. आधी १० अ‍ॅम्पियरला दोघांचं गुणोत्तर लिहा. मग ९० करा आणि दर दोन मिनिटांनी लिहीत राहा. सुरुवातीला आकडा भराभर सरकेल, मग हळू होईल, वीस पंचवीस मिनिटांनी शेवटचा अंक नुसता हलत राहील पण पुढे जाणार नाही, तिथे तुमचा शंट स्थिरावला. आता परत १० वर या, थंड होऊ द्या आणि बघा. आकडा सुरुवातीच्या जागी परत आला तर तो सगळा तापमानाचा खेळ होता, काही बिघडलेलं नाही. परत आला नाही तर काळजी करा, कारण मग पट्ट्यांमधे कायमचा बदल झालाय. मँगनिन १४० अंशांच्या आसपास गेलं की असं होतं, आणि म्हणूनच बरेच उत्पादक सांगतात की सतत चालवायचं असेल तर रेटिंगच्या दोन तृतीयांशाच्या आतच ठेवा, म्हणजे तुमच्या १०० वाल्यावर कायम ६५ च्या वर नको. तुम्ही ९० वर चालवताय हे मला मनापासून आवडलेलं नाही.

पुढच्या वेळी शंट पाठवताना लॅबला लिहून द्या की मला १०, ५० आणि ९० अ‍ॅम्पियरला मोजून हवंय, प्रत्येक पायरीवर स्थिर होईपर्यंत थांबून, आणि शंट उभा होता की आडवा, कशावर बसवला होता तेही सर्टिफिकेटमधे हवंय. पट्ट्या उभ्या असल्या की हवा त्यांच्यामधून वर जाते, आडव्या असल्या की अडकते, आणि एवढ्याने तापमान बदलतं.

प्रश्न : शंटच्या पट्ट्यांवर एका कडेला करवतीने कापल्यासारख्या खाचा आहेत. लॅबने नुकसान केलं का?

नाही हो, त्या कारखान्यातल्याच आहेत. पट्ट्या बसवल्यावर रेझिस्टन्स मुद्दाम थोडा कमी ठेवतात आणि मग खाच मारून नॉमिनलपर्यंत वर आणतात, कारण धातू कापून रेझिस्टन्स वाढवता येतो, कमी करता येत नाही. कॅलिब्रेशन लॅब खाचा मारत नाही, ती फक्त मोजते. तुम्हीही त्याला कानस लावू नका, आकडा सर्टिफिकेटवर आहे ना, तो वापरा. खाच ताजी, चकचकीत दिसत असेल आणि आधीच्या फोटोत नसेल तर मात्र नक्की विचारा.

प्रश्न : बोल्ट काढून परत लावला की रीडिंग बदलतं. दरवेळी वेगळं. शंट खराब समजायचा का?

शंटच्या आधी तुमची जोडणी बघू. पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, मिलिव्होल्टच्या वायरी कुठे लावल्यात? शंटला चार टर्मिनल असतात ती हौस म्हणून नाही. मोठ्या बोल्टवर करंट, छोट्या स्क्रूवर सेन्स वायरी. काही जण सोय म्हणून सेन्स वायरही मोठ्या बोल्टखालीच दाबतात, मग लग (केबलच्या टोकाची धातूची चकती) आणि ब्लॉक (शंटच्या टोकाचा जाड ठोकळा) यांच्यामधला कॉन्टॅक्टही मोजला जातो. तो कॉन्टॅक्ट ५० मायक्रोओहमचा असला, जे जरा काळ्या पडलेल्या पृष्ठभागावर सहज होतं, तर ०.५ मिलिओहमच्या पुढे ती सरळ १० टक्के चूक झाली, तिथे पीपीएमच्या गप्पा कशाला.

सेन्स वायरी जागेवर असतील तर लग बघा. ब्लॉकच्या नुसत्या एका कोपऱ्यावर लग बसला असेल तर करंट त्या बाजूच्या पट्ट्यांतून जास्त जातो आणि लांबच्या पट्ट्यांतून कमी, आणि सेन्स स्क्रू ब्लॉकवर एकाच जागी असल्यामुळे त्याला दिसणारा व्होल्टेज बदलतो. लॅबने रुंद बसबार लावून मोजलंय आणि तुम्ही एकच केबल एका बोल्टला लावलीये, तर सर्टिफिकेटवरचा आकडा तुमच्या जोडणीचा नाही.

मी एकदा अशाच एका शंटवर अर्धा दिवस घालवला होता. सगळं तपासलं, मीटर बदललं, वायरी बदलल्या, शेवटी बोल्ट काढला तर लग आणि ब्लॉकच्या मधे स्टीलचा वॉशर. वॉशर नटाखाली असायला हवा, तांबं थेट तांब्यावर बसायला हवं. वॉशरच्या आकाराचं गोल काळं वर्तुळ ब्लॉकवर उमटलं होतं आणि त्याच्या बाहेरचं तांबं एकदम स्वच्छ, म्हणजे सगळा करंट त्या एवढ्याशा कड्यातून जात होता. वॉशर वर घेतला, पृष्ठभाग साफ केला, टॉर्क रेंचने दोन्ही बाजू सारख्या आवळल्या आणि मग पाच वेळा काढून लावलं तरी आकडा जागेवर. तुम्हीही असं पाच वेळा काढून लावून बघा, त्या पाच रीडिंगमधला चढउतार हीसुद्धा तुमची अनसर्टन्टीच आहे, ती वर सांगितलेल्या बेरजेत धरा.

प्रश्न : बॅटरी सिस्टिममधे १०० अ‍ॅम्पियरचा शंट आहे. सगळं बंद असतानाही मीटर काही मिलिअ‍ॅम्पियर दाखवतं. सर्टिफिकेटमधे याबद्दल काहीच नाही.

नसणारच, कारण लॅबने ते मुद्दाम काढून टाकलेलं असतं. दोन वेगळे धातू जोडले आणि दोन जोडांच्या तापमानात फरक असला की थोडा व्होल्टेज आपोआप तयार होतो, त्याला थर्मल ईएमएफ म्हणतात. लॅब करंट एकदा सरळ सोडते, एकदा उलटा, आणि दोन्हींची सरासरी घेते, त्यात हा व्होल्टेज उडून जातो. तुमचा करंट बॅटरी स्वतःच्या मर्जीने सोडते, तो तुम्ही उलटा करू शकत नाही, त्यामुळे तो तुमच्या रीडिंगमधे राहतो.

आकारमान बघा, २ मायक्रोव्होल्ट भागिले ०.५ मिलिओहम म्हणजे ४ मिलिअ‍ॅम्पियर. ९० अ‍ॅम्पियरपुढे काहीच नाही, पण तुम्ही १ अ‍ॅम्पियर मोजत असाल तर ०.४ टक्के, आणि अ‍ॅम्पियर-तास मोजत असाल तर दिवसाला जवळजवळ ०.१ अ‍ॅम्पियर-तास, रोज एकाच दिशेने साठत जाणारं. उपाय म्हणजे करंट खरोखर शून्य करून, म्हणजे केबल एका बाजूने सोडून, शून्याचं रीडिंग घ्या आणि वजा करा, शक्यतो शंट कामाच्या वेळेइतका गरम असताना. सेन्स वायरी तांब्याच्याच ठेवा. शंटचं एक टोक गरम हीटसिंकजवळ आणि दुसरं पंख्यासमोर अशी मांडणी असेल तर ती आधी बदला. मँगनिनचा तांब्याशी हा परिणाम अंशाला एखाद दोन मायक्रोव्होल्ट एवढाच असतो, कॉन्स्टंटनचा (तांबं आणि निकेलची मिश्रधातू) ४० च्या आसपास, म्हणून डीसीसाठी कॉन्स्टंटनचा शंट कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : ०.१ टक्क्याचा शंट, एरर +०.०९२ टक्के, अनसर्टन्टी ०.०२ टक्के. एका लॅबने "पास" दिलं, दुसरीने याच आकड्यांवर पास लिहायला नकार दिला. कोण खरं?

दोघंही, त्यांनी नियम वेगळे लावले. पहिलीने फक्त ०.०९२ हे ०.१ च्या आत आहे एवढं बघितलं. दुसरीने अनसर्टन्टी धरली, ०.०९२ मधे ०.०२ मिळवलं तर ०.११२ होतं, म्हणजे खरी किंमत हद्दीबाहेर असण्याची शक्यता राहते, म्हणून तिने हद्द ०.०२ ने आत घेऊन ०.०८ केली आणि तुमचा शंट त्यात बसला नाही. आत घेतलेल्या त्या पट्ट्याला गार्ड बँड म्हणतात. आयएसओ/आयईसी १७०२५ या लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत लॅबने पास-नापास लिहिलं तर कुठला निर्णय-नियम लावला ते सांगायलाच हवं असं आहे, तेव्हा पास शब्द बघून थांबू नका, त्याच्या शेजारी नियम शोधा, आणि काम देतानाच कुठला नियम हवा ते ठरवून घ्या. तुम्ही सर्टिफिकेटची किंमत भागाकारात वापरणार असाल तर पास-नापासने तसाही फार फरक पडत नाही.

प्रश्न : तीन वर्षांची सर्टिफिकेटं आहेत, +१२४, +१३१, +११९ पीपीएम. शंट सरकतोय का? आणि पुढचं कॅलिब्रेशन कधी?

सरकत नाहीये. दरवेळी अनसर्टन्टी ४० पीपीएम आहे आणि तुमचे तीन आकडे १२ पीपीएमच्या आत आहेत, एवढा फरक मोजणीतच दिसेल. दोन वेगवेगळ्या लॅबचे आकडे ताडायचे असतील तर फरक घ्या आणि दोन्ही अनसर्टन्टींच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाने भागा, उत्तर १ च्या आत आलं तर दोघं जुळतात. ४० आणि ४० असतील तर ते वर्गमूळ साधारण ५७ पीपीएम. आकडे तीन वर्ष एकाच दिशेने चालले असते, १२४, १६०, १९५ असे, तर लगतच्या दोन आकड्यांतला फरक ५७ च्या आत असला तरी मी त्याच्याकडे लक्ष ठेवलं असतं.

तारीख लॅबने लिहिली नाही म्हणून रागावू नका, तुम्ही मागितल्याशिवाय ती लिहू नये असंच १७०२५ सांगतं, कारण तुम्ही शंट कसा वापरता ते तिला माहीत नसतं. तुमचा इतिहास इतका शांत आहे की अंतर वाढवायचा विचार करायला हरकत नाही, पण मधे कधी ओव्हरलोड झाला किंवा शंट पडला तर तारीख न बघता पाठवा.

प्रश्न : १ ओहमचे स्टँडर्ड १ पीपीएमपेक्षा चांगले मोजता येतात, मग अर्ध्या मिलिओहमला ४० का?

रेझिस्टन्सची वरची पायरी क्वांटम हॉल परिणामावर उभी आहे (त्यात रेझिस्टन्सचा आकडा निसर्गाच्या स्थिरांकांवरून ठरतो), क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० मधे तो शोधला आणि १९८५ मधे त्यांना नोबेल मिळालं. तिथला आकडा २५८१२.८०७ ओहम, आणि २० मे २०१९ पासून तो एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत नेमका ठरलेला आहे. तिथून तुमच्या ०.५ मिलिओहमपर्यंत उतरायचं म्हणजे पाच कोटी पट खाली यायचं, एकेका पायरीवर तुलना करत, आणि प्रत्येक पायरीवर थोडी शंका मिळते. शिवाय १ ओहमचा स्टँडर्ड छोट्या करंटवर तेलात शांत बसलेला असतो आणि तुमच्या शंटमधून करंट दहा-वीस अ‍ॅम्पियरच्या वर जातो, तापतो, मोजायला मिलिव्होल्टच मिळतात. एवढं करून ४० पीपीएम आले हे चांगलं काम आहे.

प्रश्न : डीसीला कॅलिब्रेट केलेला १ मिलिओहमचा शंट ५० हर्ट्झच्या पॉवर मोजणीला वापरला तर चालेल का?

नुसता करंट मोजायचा असेल तर बहुतेक वेळा चालेल, पॉवर मोजायची असेल तर जपून. शंटमधे रेझिस्टन्सबरोबर थोडा इंडक्टन्सही (करंट बदलायला होणारा विरोध) असतो, आणि रेझिस्टन्स इतका छोटा आहे की तो थोडाही पुरतो. उदाहरणाला ५ नॅनोहेन्री धरा, १ मिलिओहमने भागलं की ५ मायक्रोसेकंद. ५० हर्ट्झला रीडिंगच्या आकारात पडणारा फरक जेमतेम १ पीपीएम, म्हणजे दिसणारही नाही. पण फेज (करंट आणि व्होल्टेजच्या लाटांमधलं अंतर) ०.०९ अंश सरकते, आणि पॉवर फॅक्टर ०.५ असताना तेवढ्याने पॉवरमधे ०.२७ टक्के चूक होते. पॉवर फॅक्टर १ ला टेस्ट केली तर ही चूक जवळजवळ दिसतच नाही, म्हणून लोक फसतात. १ किलोहर्ट्झला गेलात तर आकारातही ०.०५ टक्के फरक येतो.

डीसी सर्टिफिकेट यातलं काहीच सांगत नाही. एसीसाठी तुम्हाला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला एसी-डीसी फरक आणि फेज दोन्ही दिलेलं सर्टिफिकेट मागावं लागेल, आणि काम वारंवार असेल तर समाक्ष रचनेचा, पिंजऱ्यासारखा दिसणारा शंट घ्या, त्यात करंट जातो आणि लगोलग शेजारून परत येतो त्यामुळे इंडक्टन्स फार कमी होतो. तोपर्यंत सेन्स वायरी अगदी टर्मिनलपासून एकमेकींभोवती पिळून घ्या आणि पट्ट्यांना चिकटून आणा, त्या दोन वायरींच्या मधे मोकळी जागा राहिली तर तेवढ्या फासातही व्होल्टेज तयार होतो आणि वरचे ५ नॅनोहेन्री त्यापुढे कमी वाटायला लागतात.